प्रसादाची रांग

विझलेल्या मेणबत्तीचा वास आला की नाशिकच्या आमच्या मिशनरी कॉलेजचं चॅपल आठवतं. मी तिथे नवीनच होते. प्रार्थनेनंतर पुढच्या मुली रांगेत निघाल्या, तशी मीही गेले आणि फादरांपुढे प्रसादासाठी ओंजळ धरली. त्यांनी नुसता डोक्यावर हात ठेवला. मागे व्हाइस प्रिन्सिपॉल बाई कुजबुजल्या, “तो फक्त ख्रिस्ती मुलींसाठी असतो! म्हणून म्हणते सिस्टर, बाकीच्यांना इथे आणूच नये.” आता कॉलेजातून माझं नाव काढून टाकतील, असं मला वाटलं. प्रिन्सिपॉल सिस्टर म्हणाल्या, “अहो, श्रद्धेने हात पुढे केलाय पोरीने. आणखी काय शिकवायचंय आपल्याला?” मग ऑफिसात नेऊन त्यांनी माझ्या ओंजळीत नानकटाई ठेवली. “घे, हा प्रसाद सगळ्यांना चालतो.” मी ती रुमालात बांधून घरी नेली. आईने आधी कपाळाला लावली, मग अर्धी मोडून मला दिली. मला अजूनही तो प्रसादच वाटतो.