सिद्राम मिस्त्रींचा टर्बो

गाडी दुरुस्तीला नेली की कुठलाही मिस्त्री आधी बॉनेट उघडतो. सिद्राम मिस्त्री मागचं दार उघडून आत बसायचे आणि म्हणायचे, "चला, जरा फिरवून आणा मला." मग बेळगावच्या खासबागेतल्या त्यांच्या शेडपासून शहापूरपर्यंत एक फेरी व्हायची. सगळा वेळ डोळे मिटलेले, हात मांडीवर. नवख्याला वाटायचं, मिस्त्रींना डुलकी लागली. परत आल्यावर ते निदान सांगायचे आणि त्यात गाडीपेक्षा गाडीवाल्याचीच हजेरी जास्त असायची. पहिल्या खेपेला मला म्हणाले, "सर, गाडीला काय झालं न्हाय. तुमी क्लचवर पाय ठेवून निवांत बसतासा, त्याचा वास हाय हा." मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होतो, घर्षणावर तासभर बोलायचो. त्यामुळे ते जरा जास्तच झोंबलं.

माणूस काटकुळा, खाकी सदरा, कानावर पेन्सिल. त्यांच्या आईनं उभा जन्म निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत पानं निवडण्यात घालवला होता. तो तिखट वास नाकात घेऊनच हे लहानाचे मोठे झाले आणि मिसरूड फुटायच्या आत बेळगावला येऊन एका कन्नड मिस्त्रीच्या हाताखाली लागले. त्यामुळे बोलणं मराठी, पण नटबोल्ट मोजायचे ते कन्नडात, ओंदु, एरडु, मूरु असे पुटपुटत. शेडच्या पत्र्याला बुद्धाची एक लहान तसबीर होती. तिच्यावर ग्रीसचा ठिपका कधी दिसला नाही. भंगार हा शब्द त्यांना खपत नसे. कुणी उच्चारला तर हातातलं काम थांबवून सांगायचे, "भंगार न्हाय, काम सुटलेला माल हाय."

माझी अँबॅसडर जुनी, डिझेलवर चालणारी, तिसऱ्या हातातून माझ्याकडे आलेली. सपाटीला बरी होती. निपाणीजवळचा तवंदी घाट आला की ती अशी काही रडायची की उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं एकदा मला मागून हॉर्न मारला. हे गाऱ्हाणं मी मिस्त्रींकडे नेलं. ते म्हणाले, तिला वारा कमी पडतोय. आणि कोपऱ्यातल्या पोत्यातून त्यांनी नारळाएवढी एक बिडाची वस्तू काढून माझ्यापुढं ठेवली. एका मोडीत निघालेल्या परदेशी जनरेटरचा तो टर्बो होता. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरानं त्यातलं एक चाक फिरतं आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. मी लगेच खडूनं फरशीवर आकृती काढून तत्त्व समजावलं. मिस्त्रींनी ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या दांड्याला तेल किती लागतंय, सर?" ते मला माहीत नव्हतं.

त्यांनी ते शोधून काढलं. त्याला चार महिने लागले. नवीन काही आणायचं नाही असा पणच होता, कारण आणायची ऐपत ना त्यांची ना माझी. बोअरच्या जुन्या पाइपाचे तुकडे जोडून धुराचा मार्ग केला. तेलाची नळी ट्रॅक्टरची, तांब्याची वायसरं एका फुटक्या बंबाच्या पत्र्यातून कापलेली. हवेचा दाब दाखवायला मात्र काटा मिळेना. शेवटी टिळकवाडीतल्या आमच्या डॉक्टरांनी टाकून दिलेलं रक्तदाबाचं घड्याळ त्यांनी डॅशबोर्डवर बसवलं. "दोनशेच्या वर बीपी गेलं की पाय काढायचा," त्यांनी मला बजावलं. मी हसलो. ते हसले नाहीत.

दुसरी ताकीद त्यांनी माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतली, मी पोरांकडून सूत्रं म्हणवून घ्यायचो तशी. घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही. दोन मिनिटं जागेवर चालू ठेवायचं. आतलं चाक तापून लाल झालेलं असतं आणि इंजिन बंद झालं की त्याचं तेल तुटतं.

एवढा जीव ओतण्यामागं कारण होतं. खासबागेतली जागा मालकाला परत हवी होती आणि मिस्त्रींना शेड हलवायची होती. निपाणीचे तंबाखूचे एक मोठे व्यापारी माझे शाळासोबती. सगळे त्यांना दादासाहेब म्हणत. त्यांच्या वखारीला लागून हमरस्त्यावर मोकळी जागा होती आणि दारात सहा गाड्या होत्या. मी शब्द टाकल्यावर ते म्हणाले, तुझ्या मिस्त्रीची गाडी आधी घाट चढू दे, मग जागाही देतो आणि दुरुस्तीला गाड्याही. पन्नाशीला आलेल्या माणसाची स्वतःची शेड उभी राहणार होती, तीही त्याच्या आईनं तंबाखू निवडली त्या गावात. परीक्षेच्या दिवशी मिस्त्री धुवट पांढरा सदरा घालून निपाणीला आले होते.

दादासाहेबांनी सोबत तीन पाहुणे घेतले. भरल्या गाडीचीच परीक्षा व्हायला हवी, हे बरोबरच होतं. पण त्यामुळे मिस्त्रींना गाडीत जागा उरली नाही. पाहुण्यांपैकी एकाला उतरवावं, असं मला तेव्हा सुचलं नाही. वखारीच्या फाटकाशी उभं राहून ते एवढंच म्हणाले, "वर थांबा, सर."

गाडी घाट कसा चढली म्हणून सांगू! ज्या वळणावर मी नेहमी पहिल्या गियरवर यायचो तिथं ती तिसऱ्यावर पळाली. डॉक्टरांचं घड्याळ एकशेऐंशीवर थरथरत होतं आणि दादासाहेब माझ्या पाठीवर थापा मारत होते. माथ्यावर मी गाडी वळवली. दादासाहेब म्हणाले, "आता उतारच आहे, बंद कर की इंजिन. डिझेल कशाला जाळतोस?" त्या रस्त्यावर सगळेच तसं करत. ट्रकवाले करत, मीही वर्षानुवर्षं करत आलो होतो. कौतुकानं माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी इंजिन बंद केलं आणि पाच माणसं भरलेली ती गाडी वाऱ्यासारखी निपाणीकडे उतरू दिली.

पायथ्याशी क्लच सोडून इंजिन पुन्हा सुरू केलं तेव्हा पुढून किंचाळल्यासारखा आवाज आला आणि मागं निळा धूर. फाटकाशी पोचेपर्यंत आम्ही सगळे खोकत होतो. "भंगार ते भंगारच," दादासाहेब उतरता उतरता म्हणाले. मिस्त्रींनी ते ऐकलं, पण त्यांचं लक्ष धुराकडे होतं. ते माझ्याजवळ आले.

"वर थांबलासा काय, सर?"

दादासाहेब बघत होते, पाहुणे बघत होते. पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाला इंजिन कधी बंद करावं ते कळलं नाही, हे चारचौघांत मला बोलवेना.

"थांबलो होतो की," मी म्हणालो.

"मग माझंच काय तरी चुकलं," असं म्हणून त्यांनी पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि बॉनेट उघडलं.

जागा मिळाली नाही. खासबागेतली शेड दोन महिन्यांत गेली आणि सिद्राम मिस्त्री दुसऱ्याच्या गॅरेजात पगारावर राहिले, आपल्यापेक्षा वीस वर्षांनी लहान मालकाच्या हाताखाली. माझ्या गाडीचा टर्बो काढून जुनं सगळं त्यांनी पूर्ववत करून दिलं आणि मला एका शब्दानं विचारलं नाही. मी पुढंही त्यांच्याकडेच गाडी न्यायचो. चहा व्हायचा, गप्पा व्हायच्या. दर वेळी ओठावर आलेलं मी चहाबरोबर गिळायचो. नवीन काही जुळवायला कुणी आलं तर मात्र ते हात झटकून म्हणायचे, "आता न्हाय जमत." तो माणूस असं म्हणाला की मला मान वर करवत नसे.

चार वर्षांनी काविळीनं त्यांना धरलं. मी घरी गेलो तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते, डोळे हळदीसारखे. त्या दिवशी मात्र मी सगळं सांगितलं, उतार, बंद इंजिन, खोटं. ते हळूच म्हणाले, "ठावं हाय, सर. त्याच दिवशी उघडून बघितलं की. दांडा जळून निळा पडलाता. तेल तुटल्याबिगार तसं हुईत न्हाय."

मी विचारलं, मग तेव्हाच का नाही बोललात.

"मी बोललो असतो तर मिस्त्री सबब सांगतोय म्हणले असते. तुमी बोलला असतासा तर ते खरं ठरलं असतं." थोडा दम खाऊन ते म्हणाले, "लई दिस वाट बघितली मी. तुमी यायचासा, चहा पिऊन जायचासा."

मी त्यांचा हात धरला आणि म्हणालो, उद्याच निपाणीला जाऊन दादासाहेबांना सांगतो. ते म्हणाले, आता शेड कोण घालणार. पुढच्या आठवड्यात ते गेले.

पुण्यानुमोदनाला त्यांच्या घरापुढं मांडव होता. वंदना झाल्यावर लोक एकेक करून उठत होते आणि गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलत होते. मी कॉलेजातला, म्हणून माझं नाव मानानं पुकारलं गेलं. मी उभा राहिलो. तवंदी घाटावर काय झालं ते मी पहिल्यापासून सांगितलं. मिस्त्रींचं काम बिनचूक होतं, गाडी मी बिघडवली, आणि खोटंही मीच बोललो. मांडवात गॅरेजचा तो तरुण मालक होता, त्यांचे भाऊबंद होते, शेजारी होते.

निघताना त्यांच्या बायकोला, आक्कांना, नमस्कार केला. त्यांनी मान हलवली.

"बरं झालं बोललासा, सर," त्या म्हणाल्या. "पण हे चारचौघांत बोललेलं त्यांनी ऐकाय पायजे होतं."