अम्मांच्या चेहऱ्यावरचा सुटा धागा

जुळे सोलापुरात आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक डिझाइनर राहतात. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. मागावर विणायच्या भिंतचित्रांचे नमुने ते घरच्या संगणकावर करतात. फोटोचे बारीक चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनात कोणता धागा वर आणि कोणता खाली ते ठरवायचं, मग फाइल पेन ड्राइव्हवर घालून कारखान्यात न्यायची. देण्याआधी ती ओळन्‌ओळ वाचायची, अशी त्यांच्या घरची रीत होती. अण्णांची आई, अम्मा, शेजारी बसायची. अम्मांना अक्षरओळख नव्हती. धागा कुठे बांधला न जाता लांब सुटतोय, ते मात्र त्या पडद्यावर बोट ठेवून दाखवत.

अम्मा गेल्या. वर्षश्राद्धाला त्यांचंच चित्र विणून भिंतीवर लावायचं अण्णांनी ठरवलं. ओळखीच्या एका कारखानदाराने श्राद्धाच्या दोन दिवस आधी, एका दिवसापुरता माग मोकळा करून दिला. फोटो एकच होता आणि संगणक साधा. एवढी मोठी फाइल उघडली की तो अडकायचा.

मी वृत्तपत्रात उपसंपादक होतो. कचेरीतला संगणक बिघडला की मला बोलावत, म्हणून अण्णांनीही बोलावलं. प्रोसेसर स्वस्तातला होता. त्याचा वेग थेट वाढवता येत नव्हता; बेस क्लॉक नावाचा मूळ ठोका वाढवावा लागे. त्या मदरबोर्डवर मेमरीही त्याच ठोक्यावर चालायची. म्हणून आधी मेमरीचा वेग एक पायरी खाली आणायचा आणि मगच ठोका वाढवायचा, नाहीतर ती चुका करू लागते, असा नियम. मी ठोका वाढवला. मेमरीचा वेग होता तिथेच ठेवला, कारण संगणक सुरळीत सुरू झाला. मेमरी तपासणारा प्रोग्राम लावला होता. त्याच्या चार फेऱ्यांपैकी पहिलीत चूक निघाली नाही, तेव्हा उरलेल्या मी थांबवल्या.

"पळतंय की ओ, सर," अण्णा म्हणाले.

नमुना तयार झाल्यावर त्यांनी मला तो बघायला सांगितलं. पानावरचा फोटो बघावा तसा मी तो बघितला. डोळे, नाक, कुंकू, पदराची कड. ठीक आहे म्हणालो. शेजारची खुर्ची रिकामी होती. ओळी कोणी वाचल्या नाहीत.

कापड दुपारी मागावरून उतरलं. डाव्या डोळ्याखाली बोटभर धागा सुटा लोंबत होता, गालावर ओरखडा उठावा तसा. फाइल जतन होताना तिथले थोडे चौकोन बदलले होते. माग दुसऱ्या दिवशी मिळणार नव्हता. अण्णांनी कापड उलटं करून बघितलं, पुन्हा सुलटं केलं.

"तुमच्या पेपरात चूक झाली तर तुम्ही दुसऱ्या दिवशी खुलासा छापता," ते म्हणाले. "कापडावर खुलासा छापता येत नाही, सर."

मी कापडाचं दुसरं टोक धरलं आणि आम्ही घडी घातली.

अण्णांच्या घरी परत येऊन मी त्यांच्या संगणकावर तपासणीच्या चारही फेऱ्या होऊ दिल्या. दुसऱ्या फेरीत चुका दिसू लागल्या. मग सगळं मूळच्या जागी आणलं आणि फेऱ्या पुन्हा लावल्या. या वेळी एकही चूक निघाली नाही. अण्णांनी तोवर बारीक सुई घेऊन मागच्या बाजूने तो धागा टाक्याटाक्याने बांधला होता.

श्राद्धाला आलेले नातेवाईक चित्रासमोर उभे राहिले. हुबेहूब उतरल्या आहेत, असं बहुतेकांनी म्हटलं. डोळ्याखालची किंचित जाड जागा कोणाला दिसली नाही. मला दिसत होती. अण्णा तिकडे बघत नव्हते.

काही दिवसांनी त्यांनी खाली बोलावलं. दुसऱ्या कोणाचा तरी नमुना पडद्यावर होता. संगणक मूळच्या वेगाने, अडखळत चालला होता. त्यांनी अम्मांची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"बसा. वाचा."

मी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. काळा, काळा, पांढरा, काळा. तिसऱ्या ओळीवर त्यांनी हात वर करून थांबवलं.

"सावकाश," ते म्हणाले. "अम्मा एवढी घाई करत नव्हती."

मी पुन्हा पहिल्या ओळीवर आलो.