लुथरवाल्यांच्या देवळातली पंगत

निघालो नंदुरबारला आणि उतरलो रनाळ्याला. यात आगगाडीचा दोष नाही. अमळनेरहून पहाटेच्या गाडीत बसलो, दोंडाईच्यानंतर डोळा लागला, आणि जाग आली तेव्हा डब्यातली सगळी माणसे बोचकी घेऊन उतरत होती. एवढी माणसे उतरतात म्हणजे नंदुरबारच असणार, असे समजून मीही छत्री, पिशवी आणि करंज्यांचा डबा सावरत खाली उडी मारली. गाडी निघून गेल्यावर पाटी वाचली.

स्टेशनाबाहेर एक बैलगाडी उभी होती. गाडीवान डोक्याला फडके गुंडाळून विडी ओढत होता.

"आप्पा, कथा जावानं शे?" (कुठे जायचंय?)

"नंदुरबारला."

"मंग आठे कसाले उतरनात?" (मग इथे कशाला उतरलात?)

"सगळे उतरले म्हणून."

तो इतका हसला की विडी विझली. "त्या ते रनाळानाच लोके शेत! त्या आठेच उतरतीन!" (ती रनाळ्याचीच माणसं, ती इथेच उतरणार!)

मुन्सफ कोर्टात इतकी वर्षे कारकुनी करून जे शिकलो नाही ते त्याने एका वाक्यात शिकवले. मग मला गाडीत घेतले.

आता मी का निघालो ते सांगतो. आमच्या कुटुंबाला, म्हणजे बनूला, एकच सख्खा भाऊ. तिचा दादा. तरुणपणी तो नंदुरबारच्या मिशनच्या शाळेत मास्तर झाला आणि तिथेच ख्रिस्ती झाला. सासऱ्यांनी जिवंत मुलाच्या नावाने अंघोळ केली आणि घरात त्याचे नाव घेणे बंद झाले. सासूबाई त्या दुःखात गेल्या. गेल्या वर्षी सासरेही गेले, घर चुलत्यांकडे गेले, आणि दसरा झाल्यावर एके दिवशी ही ताक घुसळता घुसळता म्हणाली, "यंदा भाऊबीजेला दादाला बोलवायचं."

माझ्या आईने जपमाळेवरचा हात थांबवला. मग आई म्हणाली, "येऊ दे. पण पान ओसरीवर."

हिने दादाला कार्ड टाकले की हे अमुक रविवारी येत आहेत. बोलावणे मात्र तोंडी करायचे होते. ते काम माझ्याकडे आले.

रस्ता कपाशीच्या आणि ज्वारीच्या शेतांतून जात होता. कपाशी फुटली होती. गाडीवानाला मी मिशनच्या देवळाचे नाव सांगितले तेव्हा तो मागे वळून बघायला लागला. जानवे दिसत होते की काय कोण जाणे. मग म्हणाला, "मन्हा पोऱ्या तठला मास्तरकडे शिकी ऱ्हायना. भला मानूस शे." (माझा मुलगा तिथल्या मास्तरांकडे शिकतोय. भला माणूस आहे.) हा भला माणूस माझा मेहुणा आहे, असे सांगायला तोंड उघडले, पण गाडी खड्ड्यात गेली आणि जीभ चावली. पुढे ते सांगायचे राहूनच गेले.

लुथर नावाच्या जर्मन साधूचा हा पंथ. आपल्याकडे तो कुठल्याशा थंड मुलखातल्या गोऱ्या पाद्र्यांनी आणला. त्यांचे देऊळ म्हणजे काही भव्य असेल अशी माझी कल्पना. प्रत्यक्षात ते आमच्या कोर्टाच्या रेकॉर्डखोलीपेक्षा थोडे मोठे निघाले. विटांच्या भिंती, वर कौले, दारावर लाकडी क्रूस. घंटा होती ती कडुनिंबाच्या फांदीला टांगलेली. कोनशिलेवरची अक्षरे पावसापाण्याने पुसट झाली होती. बाहेर वहाणांचा ढीग. आत जमिनीवर जाजम, डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष. कोपऱ्यात एक म्हातारी मडम बाजाची पेटी वाजवत होती आणि सगळे गात होते, चाल सरळ आपल्या भजनाची. डोळे मिटले असते तर एकादशी वाटली असती.

त्या दिवशी त्यांचा पहिल्या पिकाचा सण होता. नवे पीक घरात घेण्याआधी प्रत्येकजण त्यातले काही देवापुढे आणून ठेवतो. वेदीपाशी ज्वारीची कणसे, मक्याची बिट्टे, वांग्यांच्या टोपल्या, केळीचे घड आणि पाय बांधलेला एक कोंबडा. सातपुड्यातून आलेली भिल्ल कुटुंबे आणि तापीकाठचे शेतकरी गुडघ्याला गुडघा लावून बसले होते. पाळक उपदेश करत, मग तेच कोणीतरी भिलीत सांगे, आणि कोंबडा दोघांनाही दुजोरा देई.

उपासना संपल्यावर त्या वस्तूंचा लिलाव झाला. पैसा देवळाच्या कामाला. पुढच्या रांगेतला एक उंच, पिकल्या केसांचा माणूस माझ्याकडे बघून हसला. नाक आमच्या कुटुंबाचे. मी हात वर करून त्याला खूण केली आणि एक प्रचंड गंगाफळ (लाल भोपळा) माझ्या नावावर पुकारले गेले.

"जावईबापू," दादा जवळ येऊन म्हणाला, "पहिल्याच भेटीत बाजार केलात!"

सगळे देऊळ हसले. मीही हसलो. त्या क्षणापर्यंत सगळे ठीक चालले होते.

मी करंज्यांचा डबा दिला. दादाने तो दोन्ही हातांनी घेतला, उघडला नाही, फक्त झाकण नाकाशी नेले. वहिनी पुढे आल्या. त्या डोंगरातल्या, सावळ्या, कपाळ मोकळे. "बनूबाईंना का नाही आणलं?" एवढेच विचारले. मग पंगतीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तुमचं वेगळं रांधलंय. मडकी कुंभाराकडून नवी आणली. यांनी स्वतः केलंय, मला हात लावू दिला नाही."

कडुनिंबाखाली लांबच लांब पंगत बसली होती. पाळकांच्या शेजारी माझे पान होते, पळसाची ताजी पत्रावळ. वांग्याचे भरीत, कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, ठेचा, वर कच्च्या तेलाची धार. दादा कमरेला पंचा बांधून वाढायला उभा होता. माझ्या दुसऱ्या बाजूला एक भिल्ल म्हातारा बसला होता. त्याने सरकून मला जागा केली.

मला भूक लागली होती. पहाटेपासून पोटात काही नव्हते. आणि तरी, आईची माळ, अमळनेरच्या आळीतली तोंडे, सगळे एकदम डोळ्यांपुढे आले आणि तोंडातून निघाले, "आज माझा उपवास आहे."

दादाच्या हातातली भाकरी तशीच राहिली.

"रविवारी?"

"आदित्याचा. सूर्याचा असतो ना..."

"तो श्रावणात असतो, जावईबापू," दादा हळू म्हणाला. रागावला नाही. ती भाकरी त्याने शेजारच्या म्हाताऱ्याला वाढली आणि घडातले एक केळे सोलून माझ्या हातात दिले. "हे चालेल ना?"

मी ते खाल्ले. इतके गोड केळे इतक्या कष्टाने कोणी खाल्ले नसेल.

संध्याकाळी तो स्टेशनवर पोचवायला आला. माझे गंगाफळ त्याच्या खांद्यावर. गाडी यायची होती. आता तरी बोलायलाच हवे होते.

"दादा, भाऊबीजेला या. बनूने बोलावलंय."

त्याचा चेहरा असा उजळला की मला दुसरीकडे बघावे लागले. "बनूने? खरंच?" मग थोडे थांबून, "माझं पान कुठे मांडाल?"

वकिलांचे खोटे रोज ऐकणारा मी. मला एकही सुचू नये!

"ओसरीवर," मी म्हणालो. "तिथे वारा छान येतो."

तो मोठ्याने हसला. "कार्तिकात वारा कशाला हवा हो?" आणि हसता हसताच त्याने डोळे पुसले. "तिला मला ओवाळायला उंबऱ्याबाहेर यावं लागेल, जावईबापू. तिच्यावर ती वेळ आणू नका. दादा बरा आहे, रोज आठवण काढतो, एवढं सांगा."

तुमच्या पंगतीत मी जेवलो असतो तर आला असतात का, हे विचारायचे होते. गाडी आली. त्याने गंगाफळ खिडकीतून आत दिले.

परतीच्या वाटेवर डोळा लागला नाही. रनाळे आले, गेले. ते चिमुकले देऊळ मला आवडले होते, पेटीही, तो वाचाळ कोंबडाही. एवढ्याशा जागेत एवढी माणसे मावत होती आणि आमच्या तीन खणी घरात एक पान मावत नव्हते. हा हिशेब कुठल्या कोर्टात मांडायचा?

घरी पोचल्यावर हिने आधी माझ्यामागे दाराकडे पाहिले, जणू दादा तेव्हाच बरोबर येणार होता. मी सगळे सांगितले. काही गाळावे असे फार वाटले, पण जमले नाही. दादाचा ओसरीला नकार तिला अपेक्षितच असावा.

"वाढायला कोण होतं?" तिने विचारले.

"दादाच."

"आणि तुम्ही केळं खाल्लंत."

"हो."

तिने माझ्यासाठी पाट मांडला, ताट वाढले, आणि समोर बसली. "जेवा," म्हणाली. मी पहिला घास घेतला तेव्हा तिचे डोळे भरून आले.

"अहो, माझं माहेर आता तेवढंच उरलंय," ती म्हणाली. "आणि माझ्या माहेराहून तुम्ही उपाशी आलात."