दोन फूट उंच झालेलं गाव

मध्य प्रदेशातलं आमचं बालाघाट गेल्या अडतीस वर्षांत साधारण दोन फूट वर गेलं आहे. हे मी ऐकीव सांगत नाही. बायको, मुलगी आणि येणाऱ्या-जाणाऱ्या निम्म्या गावादेखत मी ते स्वतः सिद्ध करून दाखवलं आहे, आणि त्यापायी माझी पँट उसवली आहे.

झालं असं, की डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही पुण्याहून आईकडे आलो होतो. बाबा गेल्यापासून आई इथे एकटीच असते. या खेपेला तर मी लॅपटॉपसुद्धा पुण्यातच ठेवला होता (केवढा हा त्याग!). आणि दुसऱ्याच दिवशी आमची सहा वर्षांची गार्गी जेवता जेवता म्हणाली, "बाबा, पुढच्या सुट्टीत इथे नको येऊ या. इथे काहीच नाहीये."

आई तिच्या ताटात करंजी वाढत होती. तिनं ती वाढली, डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, "हौ बाई, खरं हाय. लहान गाव हाय आमचं." एवढंच. पण ते झाकण लावणं मला फार लागलं.

मग मात्र मी पेटलोच! परतीचं तिकीट सोमवारचं होतं. त्याच्या आत या पोरीच्या तोंडून 'पुन्हा येऊ या' वदवून घ्यायचंच! माझ्याकडे हुकमी एक्का होता, बाबांची रविवारची फेरी. बाबा सिंचाई विभागात नकाशे काढायचे. दर रविवारी ते मला वैनगंगेवर, शंकर घाटापर्यंत पायी न्यायचे. काय ती फेरी होती! वाटेत पिवळ्या बंगल्याच्या भिंतीवरून आतले पांढरे ससे बघायचे. चिंचेखालून जाताना नुसता हात वर करायचा, की चिंच मुठीत. घाटावरच्या देवळात मोठी घंटा मी स्वतःच्या हातानं वाजवायचो. मग पायरीवर बसून नदीत पाय सोडायचे. सगळा मिळून दहा मिनिटांचा रस्ता! पाय म्हणून कधी दुखले नाहीत. बाबा मात्र घरी आले की "नकाशे काढून काढून मान धरली बुवा" म्हणत पालथे पडायचे आणि आई त्यांच्या मानेला तेल चोळायची. मोठेपणी नकाशे काढायचे नाहीत, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

शनिवारी चार वाजता आमची वरात निघाली.

"काहून रे बबलू, पायानं जाऊन राह्यला?" आई दारातून म्हणाली. "ई-रिक्षा कर ना."

"आई, दहा मिनिटांचा तर रस्ता आहे!"

"कोनं सांगतलं तुले?"

"कोण कशाला सांगेल? मला आठवतं ना!"

आईनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "जा बापा. तुमी व्हा पुढं, मी रिक्षानं मागून."

काली पुतळी चौकात पोचेपर्यंतच वीस मिनिटं झाली. स्नेहलनं, म्हणजे माझ्या बायकोनं, घड्याळ माझ्या नाकासमोर धरलं. "ही दहा मिनिटं कुठल्या गावची?"

"वाढलंय गं शहर," मी म्हणालो. (शहर वाढलं म्हणून जुना रस्ता कसा लांबेल, हे तिनं विचारलं नाही. उपकार तिचे.)

पिवळा बंगला आला. रंग उडून पांढरट झाला होता, पण तोच! मी गार्गीला पुढे केलं. "आता बघ गंमत. या भिंतीवरून आत बघायचं..."

गार्गीनं भिंतीकडे बघितलं. मी बघितलं. भिंत माझ्याच डोक्याच्या वर हातभर! मी टाचा उंचावल्या. मग एका विटेवर उभा राहिलो. वीट हलली, मी भिंतीला मिठी मारली, आणि नेमके त्याच वेळी घरमालक फाटकातून बाहेर आले.

"क्या चाहिए भैया?"

"भाईसाब, ये दीवार कब बढ़ाई आपने?"

"बढ़ाई? ये तो दादाजी के टाइम की है. एक ईंट नहीं लगी तब से!"

"पहले यहाँ से खरगोश दिखते थे!"

मालकांनी आधी माझ्याकडे, मग स्नेहलकडे सहानुभूतीनं पाहिलं. "अच्छा, अच्छा," ते म्हणाले आणि फाटकाला आतून कडी लावली.

"बाबा, ससे कुठेत?"

"पुढे चिंच आहे बघ, चिंच!"

चिंचही होती जागेवर. चिंचाही लागल्या होत्या. पण वर! मी हात वर केला, उडी मारली, पळत येऊन दुसरी मारली. तिसऱ्या उडीला पँटनं मागून जाहीर निषेध नोंदवला. सायकलवरून जाणारे एक गृहस्थ पाय टेकून थांबले. "पतंग अटकी है क्या?"

"नाही हो, चिंच!" मी ओरडलो. स्नेहलनं तिची ओढणी काढून मुकाट्यानं माझ्या कमरेला बांधली.

"फांद्या छाटल्यात सगळ्या खालच्या," मी म्हणालो. "काय करून ठेवलंय या लोकांनी गावाचं!"

तिथून थोडं पुढे गेलो आणि गार्गी रस्त्यातच फतकल मारून बसली. "माझे पाय संपले." समजावलं, रागावलो, चिक्कीचं आमिष दाखवलं. एवढ्यात आईची रिक्षा आमच्या शेजारून गेली. आई आतून शेंगदाणे खात आमच्याकडे बघत होती. "या सावकाश!" म्हणाली आणि गेलीसुद्धा! अर्ध्या रस्त्यात गार्गीला कडेवर, अर्ध्या रस्त्यात बोटाला धरून आम्ही घाटावर पोचलो, तेव्हा सूर्य पार पाण्याशी टेकला होता. दहा मिनिटांच्या रस्त्याला दीड तास लागला होता.

शेवटची आशा, घंटा! देवळाच्या तुळईला तीच मोठी पितळी घंटा. मी ऐटीत हात वर केला. हात हवेत! आता मात्र माझा धीर सुटला.

"पंडितजी, घंटी ऊपर क्यों बाँध दी?"

पुजारी दिवा लावत होते. वळूनही न बघता म्हणाले, "घंटी तो वहीं है भैया. आप नीचे रह गए."

स्नेहल खांबाला धरून हसायला लागली. मी तरातरा आईपाशी जाऊन पायरीवर बसलो. "आई, सगळंच कसं उंच झालं गं? भिंत उंच, झाड उंच, घंटा उंच! आणि रस्ता केवढा लांब! लहानपणी मी हसत हसत यायचो ना पायी!"

"पायी?" आईनं शेंगदाण्याची पुडी बाजूला ठेवली. "तू कधी चालला रे? चौकापर्यंत चाले, अन् मंग रस्त्यात बसे फतकल मांडून, अश्शीच, तुया पोरीसारखी. मंग तुये बाबा तुले खांद्यावर घेत. जाता बी अन् येता बी."

मी खालच्या पायरीवर नदीत पाय सोडून बसलेल्या गार्गीकडे बघितलं.

"किती डाव सांगतलं मी त्याईले, पोराले चालू द्या म्हनून. तर म्हनत, राहू दे, वरून त्याले चांगलं दिसते. अन् घरी आले का मान धरून बसत. मी तेल चोळू."

"ते नकाशे काढून..."

"रविवारी कोन नकाशे काढते रे?"

(हा प्रश्न मला चव्वेचाळीस वर्षांत एकदाही पडला नव्हता. मी एका मोठ्या कंपनीत डोक्याचं काम करतो.)

नदी संथ वाहत होती. बाबांच्या डोक्याला लावलेल्या खोबरेल तेलाचा वास एकदम आठवला. त्यांचे केस मी दोन्ही मुठींत धरायचो, सायकलचं हँडल धरल्यासारखे. हे सगळं मला आठवत होतं, फक्त त्याखाली बाबा होते, एवढंच मी विसरलो होतो. फार आठवण आली हो त्यांची. इतकी, की नाक शिंकरायला स्नेहलची ओढणीच वापरली.

"गार्गीले रिक्षात बसव," आई म्हणाली. "थकली बिचारी."

"नको," मी म्हणालो आणि खाली वाकलो. "चढ गं वर."

गार्गी वीस किलोची आहे. उभं राहताना माझ्या पाठीतून जो आवाज आला, तो पुजाऱ्यांनीही ऐकला. पण तिनं हात वर केला आणि घंटा अशी दणदणीत वाजवली, की पायरीवरची कबुतरं उडाली! वाटेत तिनं पाच चिंचा तोडल्या आणि एक माझ्या कानात कोंबली. पिवळ्या बंगल्यापाशी ती किंचाळली, "बाबा! आत काका बनियनवर पालकाला पाणी देताहेत! त्यांनी मला टाटा केला!" ससे नव्हते, पण तिला त्याचं काही नव्हतं. भिंतीपलीकडून एक पेरू वर आला आणि मालकांचा आवाज, "अब दिखा भैया?"

"मुझे नहीं, इसको दिखा!" मी खालून ओरडलो.

रविवारी सकाळी मी पलंगावर पालथा पडलो होतो. मान उजवीकडे वळत नव्हती, डावीकडेही नव्हती. आई तेल चोळत होती. पलीकडे गार्गी स्नेहलच्या फोनवरून पुण्याच्या मैत्रिणीला सांगत होती, "अगं, नदी एकदम जवळ आहे! पाच मिनिटं! चालायला काहीच लागत नाही. आम्ही मेमध्ये परत येणार आहोत."

माझ्या मानेवरचा आईचा हात थांबला. ती उठली, हात पुसले, करंजीचा डबा उघडून गार्गीपुढे ठेवला आणि परत येऊन बसली.

करंजी खात खात गार्गी पलंगापाशी आली. "बाबा, तुझी मान कशानं दुखते?"

"ऑफिसचं काम गं," मी उशीत तोंड खुपसून म्हणालो. "दिवसभर लॅपटॉप, लॅपटॉप..."

"हौ बाई, लय काम रायते तुया बाबाले," आई म्हणाली आणि तिनं मान अशी काही दाबली, की लॅपटॉप पुण्याला आहे हे कबूल करायलाही मला तोंड वर काढता आलं नाही.