अस्तराकडची बाजू

माझी मामी कुणाचं ऐकत नाही, ही आमच्या घरात तक्रार नाही, माहिती आहे. घरात नवीन सून आली की पाण्याची वेळ कोणती, गच्चीची किल्ली कुठे आणि मामीशी वाद का घालायचा नाही, हे तिला एका दमात सांगून टाकतात. मला मात्र ते कुणी सांगितलं नाही. मी भाची, मी लहानपणापासून तिच्याशी वाद घालत आले आणि दर वेळी हरले.

मामीची उभी हयात कपडे दुरुस्त करण्यात गेली. नवे कपडे शिवण्यात नव्हे, दुसऱ्यांनी शिवलेले उसवून नीट करण्यात. मोठ्या रस्त्यावर कोटांचं दुकान होतं, त्याच्या मागे एक लांबट खोली. तिला एकच खिडकी आणि तीही समोरच्या भिंतीकडे उघडणारी. त्या खोलीत पाच बायका एका टेबलाभोवती बसायच्या. बाही लांब करायची, कंबर आत घ्यायची, फाटलेलं अस्तर बदलायचं, ही त्यांची कामं. थंडी पडली की गिऱ्हाइकांची झुंबड उडायची. मालकाला प्रत्येक कोट आजच हवा असायचा. मग एकच जाड ओव्हरकोट टेबलावर पसरून पाचही जणी त्याला एकदम भिडायच्या. एक कॉलरला, दोघी बाह्यांना, दोघी खालच्या घेराला. एखादी शिंकली तरी कोट हलायचा आणि बाकीच्या चौघींच्या बोटांत सुया घुसायच्या. उठायचं झालं तर चौघींची परवानगी काढावी लागे. मामीला तिथे ‘कात्री’ म्हणायचे, आणि ते हातातल्या कात्रीमुळे नव्हे.

पुढे दुकान बंद पडलं. त्या खोलीत आता मोबाइलची कव्हरं विकतात. पाचांपैकी दोघी वारल्या, एक मुलाकडे दूर राहायला गेली. गावात उरल्या मामी आणि लांबडी. लांबडी आता वाकली आहे, तरी नाव लांबडीच.

घरी बसल्यावर मामी चित्रं काढायला लागली, पण सुईने. दुकानातून आणलेले जुन्या अस्तरांचे तुकडे लाकडी चौकटीत ताणायचे आणि त्यावर दोऱ्याने माणसं काढायची. आधी पेन्सिलने आखून घे, असं मी एकदा सुचवलं, तर म्हणाली, ‘‘मी काय शाळेत आहे?’’ ती उशीचे अभ्रे भरते आहे, अशी मामांची बरेच महिने समजूत होती.

आमच्या भागातलं कलामंडळ दर हिवाळ्यात इथल्या कलाकारांच्या नव्या कामांचं ऑनलाइन प्रदर्शन भरवतं. आपलं काम मंडळाच्या हॉलवर नेऊन द्यायचं. तिथे एकाच पांढऱ्या भिंतीवर ते टांगतात, फोटो काढतात आणि वेबसाइटवर लावतात. थंडी सरेपर्यंत ते तिथे राहतं. एका कामाचा एकच फोटो, असा नियम. मामीचं काम याआधी दोनदा परत आलं होतं. ‘हस्तकला विभागात विचारा’ असं सांगितलं होतं. मंडळात असा विभागच नाही, हे मला चौकशी केल्यावर कळलं आणि माझं डोकं फिरलं. मामी शांतपणे तिसरं चित्र करायला बसली.

ते तिसरं चित्र नीट सांगायला हवं, कारण पुढची सगळी भांडणं त्यावरूनच झाली. करड्या अस्तरावर पाच बायका, मधे टेबल, टेबलावर कोट. चौकट दोन्हीकडून उघडी. एका बाजूने पाहिलं तर टाके अगदी गुळगुळीत. चेहरे स्वच्छ, केस न् केस जागेवर, प्रत्येक बाई आपापल्या जागी बसलेली. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर गाठी, लोंबणारी टोकं आणि एकीकडून दुसरीकडे गेलेले दोरे. मामीने दोरा मधे कुठे तोडलाच नव्हता. लांबडीच्या कपाळाचा निळा दोरा तसाच ओढत नेऊन स्वतःच्या बाहीत घातला होता, तिथून तो तिसरीच्या मानेत गेला होता. पाचही जणी एकमेकींत गुंतलेल्या. चेहरे ओबडधोबड होते, पण एकीला जांभई आवरत नाहीये आणि दुसरी आता भडकणार आहे, हे त्या गाठींमध्येच दिसायचं. मामीने टांगायची कडी गुळगुळीत बाजूला ठोकली होती. म्हणजे ती बाजू भिंतीकडे आणि गाठी लोकांकडे.

यंदा तिचं काम निवडलं गेलं. प्रदर्शन उघडलं त्या सकाळी मी कामावर जायच्या आधी मामीकडे गेले. मामांनी फोन चष्म्याला चिकटवून ठेवला होता आणि मोठमोठ्याने वाचत होते, ‘‘काय सफाई! काय नजाकत! अगं, लाइकच्या अंगठ्यांचा नुसता पाऊस पडतोय!’’ मी फोन घेऊन पाहिलं. गुळगुळीत बाजू होती.

मामीने फोन हातात घेतला, लांब धरला, परत दिला.

‘‘हे माझं नाही,’’ ती म्हणाली.

‘‘अगं, खाली तुझं नाव आहे,’’ मामा म्हणाले.

‘‘नाव माझं आहे. चित्र भिंतीकडचं आहे.’’

मी मंडळाला फोन लावला. मंडळाचं सगळं काम बघणारा खरं तर एकच माणूस, सर. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, सज्जन, प्रदर्शनासाठी राबराब राबणारे. मी तक्रार सांगितली तर ते उलट खूश झाले. म्हणाले, ‘‘अहो, ताईंची कडी गडबडीत उलटीकडे लागली होती. निवड समितीसमोर ठेवायच्या आधी मीच काढून नीट लावली. स्क्रू मिळत नव्हता, घरून आणला. नाहीतर बिचाऱ्यांचं हसं झालं असतं.’’

माणूस इतक्या प्रेमाने वाट लावतो तेव्हा त्याच्यावर ओरडायचं तरी कसं? मी फोन ठेवला आणि उशीवर ओरडले.

दुपारी मी आणि मामी हॉलवर गेलो. सरांनी खुर्च्या पुसून दिल्या. वर चांगली बातमीही दिली: समितीला मामीचं चित्र इतकं आवडलं होतं की वेबसाइटच्या पहिल्या पानावर तेच लावायचा विचार होता. हिवाळाभर प्रदर्शन उघडणाऱ्या प्रत्येकाला सगळ्यात आधी मामीचं चित्र दिसलं असतं.

‘‘कुठली बाजू?’’ मामीने विचारलं.

‘‘ताई, चित्राला बाजू एकच असते.’’

‘‘मग तीच लावा. गाठींची.’’

सर हसले. मग मामी हसत नाही हे बघून थांबले. ‘‘हे पाहा, मागे जे असतं ते कच्चं काम. ते दाखवायचं नसतं. मी चाळीस वर्षं मुलांना हेच शिकवलं.’’

‘‘मलाही चाळीस वर्षं हेच सांगत होते,’’ मामी म्हणाली. ‘‘मालक गिऱ्हाइकाला कोट घालून आरशापुढे उभा करायचा. आत काय आहे ते कधी दाखवायचा नाही. आम्ही आतच होतो, सर. आता चित्र मी काढलंय. आता तरी मला ठरवू द्या.’’

सरांचा आवाज किंचित चढला. समितीने जे पाहिलं ते निवडलं, म्हणाले. पहिलं पान परवा ठरणार. तोवर ताईंनी विचार करावा. हट्टच असेल तर त्यांनी काम घरी न्यावं आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा पाठवावं, समितीला पटलं तर पटलं. मामीचं वय बघता पुढचा हिवाळा हा शब्द मला झोंबला. तिने भिंतीवरून चौकट काढली, काखेत मारली आणि चालू लागली. दारातून म्हणाली, ‘‘परवा येते.’’

घरी मामा वाटच बघत होते. जन्मभर बसमध्ये तिकिटं फाडलेला माणूस, त्यांना रस्त्यात कुणी थांबवलं असेल ते फक्त सुट्ट्या पैशांच्या भांडणात. आता लोक हाक मारून बायकोचं कौतुक करत होते आणि मामा हवेत होते. ते रागावले नाहीत, चक्क गयावया करायला लागले. ‘‘अगं, आता कुठे चार लोक ओळखायला लागले. एवढा एक हिवाळा जाऊ दे की. दोन्ही बाजू तूच केल्यास ना?’’

मामीने वाद घालायचा सोडून चौकट भिंतीला टेकवली आणि गुळगुळीत बाजूवरून बोट फिरवलं. दोन्ही बाजू तिनेच केल्या होत्या, हे खरं होतं. त्या गुळगुळीत बाजूवर तिने डोळे फोडले होते. मला वाटलं, ही आता मानणार, आणि मला त्याचं वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं.

तेवढ्यात लांबडी आली. मामांनीच तिला बोलावलं होतं, आपल्या बाजूने एक माणूस वाढेल म्हणून. त्यांनी उत्साहाने फोन तिच्यापुढे धरला. लांबडीने डोळे बारीक केले, चित्र बोटांनी मोठं करून पाहिलं, लहान करून पाहिलं आणि भिडेखातर म्हणाली, ‘‘छान आहेत हो बायका. कोण आहेत?’’

मामांनी फोन हळूच खिशात टाकला.

मामीने भिंतीला टेकवलेली चौकट उचलली आणि गाठींची बाजू लांबडीपुढे धरली. लांबडीने आधी हात फिरवला, मग पाहिलं. निळ्या दोऱ्यावर तिचं बोट थांबलं. ‘‘अगं कात्रे! हा मी मालकाच्या कपाटातून ढापलेला निळा! अजून उरलाय तुझ्याकडे?’’ मग बोट पुढे सरकलं. ‘‘आणि ही बघ, हिला जेवण झालं की जांभया. मेली कोट हलवायची आणि आम्हाला टोचायचं.’’ ती मेलेल्या मैत्रिणीला शिव्या घालत हसली आणि हसता हसता तिने डोळे पुसले.

‘‘सरळ बाजूला आम्ही फोटोला बसल्यासारख्या बसलोय,’’ मामी मामांना म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. ‘‘अहो, आम्ही तशा एक दिवस बसलो नाही. त्या बायकांचं कौतुक मी कशाला घेऊ?’’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा टेबलावर काळं रेशमी अस्तर पसरलेलं होतं. ते मी ओळखत होते. दुकान बंद झालं तेव्हा तिने ते स्वतःच्या कोटासाठी आणलं होतं, आणि तो कोट कधी शिवला नव्हता. तिने ते चौकटीच्या मापाने कापलं आणि गुळगुळीत बाजूवर घातलं. तिचा बेत माझ्या लक्षात आला तशी मी तिचा हात धरला.

‘‘मामी, वर्षाचं काम आहे ते. कायमचं झाकलं जाईल.’’

‘‘झाकायलाच घेतलंय.’’

‘‘एकदा शेवटचं बघ तरी.’’

‘‘मीच केलंय. मला पाठ आहे.’’ तिने माझा हात बाजूला केला. ‘‘बोलत बसण्यापेक्षा लांबडीला सुई ओवून दे. तिला दिसत नाही. एक तूही घे.’’

मग एका बाजूला मामी, समोर लांबडी आणि खालच्या कडेला मी. दोघींचे टाके बाहेरून दिसत नव्हते, माझे आंधळ्यालाही दिसले असते. मामीने माझे दोनदा उसवले. मामा दारातून हे सगळं बघत होते. थोड्या वेळाने मुकाट्याने आत आले आणि चौकट हलू नये म्हणून वरची कड दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. तरी लांबडी शिंकलीच, आणि सुई माझ्या बोटात घुसली. मी ओरडले. त्या दोघी इतक्या हसल्या की काम थांबलं.

ठरल्या दिवशी आम्ही हॉलवर गेलो. सरांनी चौकट हातात घेतली, गाठी पाहून मान हलवली आणि सवयीने ती उलटी केली. मागे काळं अस्तर होतं, चारही कडांनी बंद. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला. शिवण कुठे सापडेना. त्यांचा चेहरा उतरला.

‘‘ताई, हे काय करून बसलात? इतकी सुंदर बाजू...’’

‘‘अस्तर आतल्या बाजूला लावतात, सर,’’ मामी म्हणाली. ‘‘आता आतली कुठली, ते कुणालाही कळेल.’’

सरांनी चौकट पुन्हा गाठींकडे वळवली. मला वाटलं, आता परत करतील. मामीलाही तसंच वाटलं असावं, कारण तिने पिशवीचं तोंड उघडून धरलं होतं. शेवटी ते म्हणाले, ‘‘पहिलं पान गेलं, ताई. समितीत मला बोलणीही बसतील. आणि खरं सांगू? मला अजून पटलेलं नाही.’’

‘‘नका पटवून घेऊ. फोटो काढा.’’

त्यांनी काढला. त्यासाठी समितीशी भांडलेही, असं नंतर कानावर आलं. मला तो माणूस तेव्हा आवडला.

पहिल्या पानावर जलरंगातली एक होडी लागली. मामीचं चित्र कुठेतरी मधल्या पानांत गेलं, अंगठे आटले, मामांना रस्त्यात थांबवणारे पुन्हा सरळ पुढे जाऊ लागले. मामा मात्र आपणहून लोकांना थांबवून दाखवू लागले. ‘‘आधी नीट बघा,’’ असं दरडावायचेही. मग चित्राखाली कुणीतरी लिहिलं, ‘चुकून मागची बाजू लागली आहे का?’ मी उत्तर द्यायला फोन घेतला. मनात चांगलं परिच्छेदभर भाषण तयार होतं. मामीने फोन काढून घेतला, सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं अंगुस्तान काढून ठेवलं आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं, ‘नाही.’

थंडीभर तोच प्रश्न येत राहिला आणि दर वेळी ती तेवढंच लिहीत राहिली, शोधून शोधून. एकदा मी म्हटलं, ‘‘अगं, आधीचंच उचलून खाली चिकटव ना, मी दाखवते कसं ते.’’

‘‘नको,’’ ती म्हणाली. ‘‘विचारणारा दर वेळी नवा आहे. त्याला कुणाचं जुनं उत्तर कशाला द्यायचं?’’ आणि ‘न’ शोधू लागली.