रिक्षावीराची मान

आमच्या कारखान्यात बिघडलेली खेळणी वितळवून पुन्हा साच्यात घालतात. किस्से मात्र कुणी वितळवत नाही, त्यामुळे ते साठतच जातात. चहाला चार जण जमले की एकेक बाहेर निघतो. त्यातले बहुतेक माझेच असतात. उरलेले घडले तेव्हा मी रजेवर होतो!

हडपसरला आमची छोटी खेळण्यांची कंपनी आहे. मालकीण वर्षाताई, मी डिझाइनर आणि टेस्टिंगला अमरावतीचा सागर. आमचं लाडकं खेळणं म्हणजे 'रिक्षावीर'. दिसायला पुण्यातली काळी-पिवळी रिक्षा, उलगडली की रोबो. कल्पना माझी, त्यामुळे शिव्याही मलाच.

*

पहिला रिक्षावीर रिक्षा म्हणून उत्तम होता. रोबो म्हणून मात्र त्याला उभं राहता येत नव्हतं. पाऊल लहान, डोकं जड. उभा केला की नमस्कार घातल्यासारखा पुढे पडायचा.

एका प्रदर्शनात मी शक्कल लढवली. त्याला पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला आणि बाजूला ऐटीत उभा राहिलो. एक गृहस्थ आले, त्यांनी खालून-वरून पाहिलं आणि विचारलं, "बाटली सोबत मिळते, की वेगळी घ्यायची?"

ताई मागेच होत्या. परतताना गाडी स्वारगेटपर्यंत आली. सिग्नलला त्या म्हणाल्या, "नवीन डिझाइन करा. पण हे शेवटचं. नाही जमलं, तर आपण आपले पुन्हा साबणाचे फुगे विकू."

"आणि मी?"

"फुग्याला डिझाइनर कशाला लागतो?"

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. खोटं कशाला सांगू, थोडं गेलं.

*

नवा नमुना आला. पाय रुंद केले होते आणि मानेत सगळीकडे वळणारा गोळीचा सांधा बसवला होता, म्हणजे रोबोला रुबाबात वर बघता यावं. ऑफिसातल्या सगळ्यांना आळीपाळीने बोलावून मी टेस्टिंग घेतलं. संध्याकाळी जाहीर केलं, "एकूण एक माणसाला जमलं!"

सागर म्हणाला, "सर, सारं तं तुमीच करून राहिले होते ना! लोकायनं कुठी हात लावला?"

आठवून पाहिलं तर खरंच होतं. कुणी चुकीचा भाग ओढला की मी "अहं, अहं, इकडे द्या" म्हणत हिसकावून घेत होतो.

ताईंनी तिथल्या तिथे नियम केला. टेस्टिंग चालू असताना डिझाइनरने दोन्ही हात मांडीखाली घालून बसायचं आणि तोंडातून अक्षर काढायचं नाही. जन्म पुण्यातला, समोरचा माणूस डोळ्यांदेखत चुकतोय आणि आपण गप्प बसायचं! पहिल्या दिवशी माझं बीपी वाढलं. हात तर इतके बधिर झाले, की चहाचा कप सागरने माझ्या तोंडाला लावला.

*

मग मी घरी टेस्टिंग सुरू केलं, कारण घरी ताई नसतात.

बायको, मृदुला, फिजिओथेरपिस्ट आहे. तिने रिक्षावीर हातात घेतला, खांद्यापाशी चाचपला, कंबरेतून वळवला आणि दोन-चार हालचालींत त्याची रिक्षा केली.

मी म्हणालो, "असं नाही होत ते."

"झालीय की रिक्षा."

"झालीय, पण अशी होत नाही! आधी गुडघे, मग छाती, मग खांदे. मी तसं डिझाइन केलंय."

तिने रिक्षा माझ्यासमोर ठेवली. म्हणाली, "माझ्याकडे पेशंट येतात ना, ते पण सांगतात, मॅडम, माझा हात असा वळत नाही. मी वळवून दाखवते. मग गप्प बसतात."

मी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिची पद्धत माझी म्हणून दाखवली. ताई खूश झाल्या. सागरने फक्त एवढंच विचारलं, "वहिनी बऱ्या आहेत ना, सर?"

*

खेळणं टेबलावरून पडलं तर टिकतं का, हे बघायला ते पाडून बघतात. सागर शिस्तीत टेबलाच्या उंचीवरून पाडत होता. रिक्षावीराला ओरखडाही उठला नाही. तेवढ्यात ताई आल्या आणि माझ्या अंगात संचारलं.

"टेबल काय घेऊन बसलास! हे बघ!" म्हणत मी चाकांच्या खुर्चीवर चढलो आणि हात उंचावून रिक्षावीर सोडला. त्याच क्षणी खुर्चीनेही मला सोडलं.

मी खाली, माझ्याशेजारी रिक्षावीर. तो दोन्ही पायांवर उभा! मला उठवायच्या आधी सागरने रिपोर्ट लिहिला: 'रोबो पास. डिझाइनर फेल.'

एक मात्र झालं. त्या आपटाआपटीत मानेचा सांधा सैल पडला. जरा धक्का लागला की डोकं डावी-उजवीकडे हलायचं. नवीन नमुने मागवले, तर न पाडताही त्यांची मान तशीच; म्हणजे दोष मुळातला. वॉशर टाकून पाहिला, गोळी बदलून पाहिली, मान काही ताठ राहीना.

ताईंनी विचारलं, "मानेचं काय?"

"किरकोळ आहे," मी म्हणालो. आमच्या धंद्यात ज्याचं उत्तर सापडत नाही, त्याला किरकोळ म्हणतात.

*

सागर म्हणाला, रिक्षा आहे तर रिक्षावाल्याला दाखवू. गेटबाहेरच्या स्टँडवर शंकरअण्णा म्हणून जुने रिक्षावाले आहेत. त्यांनी गाडीची काच पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं आणि रोबो बराच वेळ निरखला.

"बेस हाय," ते म्हणाले. "चाकं हायती, हँडल हाय. पन साहेब, ह्यो रिक्षावाला वाटत न्हाई."

"का हो?"

"लई गरीब दिसतोय. कुठं बी चल म्हटलं, तर येईल असा."

मी त्यांना समजावू लागलो की हा वीर आहे, तो संकटात लोकांच्या मदतीला धावतो. अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्येच म्हनतोय मी."

*

शेवटी सगळं येऊन थांबलं नारायण पेठेतल्या दातारकाकांपाशी. त्यांचं खेळण्यांचं दुकान एवढंसं, पण शहरातले बाकीचे दुकानदार आधी विचारतात, "दातारांनी ठेवलंय का?" त्यांनी नाही म्हटलं की फुगे.

मी आणि ताई गेलो. ताईंनी बसता बसता माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी स्टुलावर बसून दोन्ही हात मांडीखाली घातले.

काका रिक्षा उलगडू लागले. शेजारी एक बाई उभ्या होत्या, निवृत्त शिक्षिका असाव्यात. खरेदी झालेली, हातात दोन जड पिशव्या, आणि चेहरा असा की काका सोडून कुणीही घाबरावं. "तीन रिक्षावाल्यांना विचारलं," त्या काकांना सांगत होत्या. "तिघेही नाही म्हणाले! स्वारगेट काय लंडनला आहे?"

"बसा," काका म्हणाले. "ओरडून रिक्षा येत नाही."

एकीकडे त्यांनी मृदुलाच्या पद्धतीने, म्हणजे माझ्या पद्धतीने, रोबो उलगडला आणि काउंटरवर ठेवला. ठेवला आणि तो उभा राहिला! बाटली नाही, टेकू नाही. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. पुसायला हात मोकळे नव्हते.

मग काकांनी त्याच्या डोक्याला बोट लावलं. मान डगडगली.

"हे काय?"

मी ओठ घट्ट मिटून बसलो.

"यांना बोलता येत नाही का?" काकांनी ताईंना विचारलं.

"येतं. म्हणूनच," ताई म्हणाल्या.

"मान सैल आहे. असला माल मी ठेवत नाही." काकांनी खोका पुढे ओढला. ताईंचा चेहरा उतरला. आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांना 'सॉरी' म्हणावंसं वाटलं, आणि नेमकी तेव्हाच बोलायची बंदी!

एवढ्यात त्या बाई पुढे झाल्या. "ही रिक्षा होती ना मघाशी?" त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या, चष्मा सारखा केला, खाली वाकल्या आणि रिक्षावीराच्या छातीवर बोट ठोकून दरडावून विचारलं, "काय हो, स्वारगेट?"

रिक्षावीराने मान हलवली. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे.

बाईंनी पुन्हा बोट ठोकलं. "मीटरपेक्षा जास्त देईन!"

पुन्हा तेच. डावीकडे, उजवीकडे.

बाई सरळ झाल्या. "हा बांधून द्या," त्या म्हणाल्या. "घरी नेऊन रोज विचारणार आहे मी याला."

इतका वेळ आठ्या घालून बसलेले दातारकाका चक्क हसले. हसू आवरून त्यांनी खोका बाजूला सारला आणि माझ्याकडे बोट रोखलं.

"अहो मुके! मान दुरुस्त केलीत, तर सगळा माल परत पाठवीन!"