बर्फाची रांग आणि फुकटची लेक्चरं

मंडळी, आत्ता कुठे जीव भांड्यात पडलाय, म्हणून लगेच लिहितेय.

मिरकरवाडा बंदरातल्या एका बर्फ कारखान्यासाठी मी नंबर लावायचा प्रोग्राम केलाय. कुठल्या बोटीला आधी बर्फ मिळणार, ते त्यात दिसतं. झटपट चालावा म्हणून सगळी रांग मी कॉम्प्युटरच्या मेमरीतच ठेवली होती. लाइट गेली की ती पुसली जाणार, हे मेमरीतल्या डेटाबेसवरची फुकट ऑनलाइन लेक्चरं ऐकताना मला नीट उमगलं. नोंद आधी डिस्कवर लिहायची, मगच ‘नंबर लागला’ म्हणायचं. रविवारी तो बदल केला. त्याआधीचे तीन महिने नुसत्या नशिबावर गेले, हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

आज सकाळी लाइट गेली. यूपीएसनेही मान टाकली. बाहेर बोटी चालवणारे तांडेल ताटकळलेले.

"माझा तिसरा नंबर होता हां!" असं तिघे एकदम ओरडले.

लाइट आल्यावर मशीन चालू केलं. रांग जशीच्या तशी परत आली. मी नंबर मोठ्याने वाचून दाखवले.

मग कारखान्यातल्या दामूकाकांना सगळं खरं सांगितलं. पूर्वी ते नंबर आधी वहीत लिहायचे, मगच पुकारायचे. ती वही मीच बंद करायला लावली होती.

"आधी लिहायचं, मग बोलायचं, एवढ्यासाठी लेक्चरं ऐकलीस गो? मला विचारायचंस की!"

तुम्हीही कोणाची अशी वही बंद केली आहे का, ती कशासाठी होती हे न विचारता?